अशील कोण?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वधू-वर आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या जाहिरातींमध्ये, बारीक टाइपातला एक मजकूर रोज छापून येतो. ‘तमाम जनतेस कळविण्यात येते की…’ पुढे मौजे अमुक, तालुका हवेली, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकार रुपये-पैशांत आणि चतुःसीमा: पूर्वेस शिवरस्ता, दक्षिणेस ओढा. या मिळकतीत कोणाचा वारसा, गहाण, दान, बोजा, वहिवाट किंवा अन्य काही हक्क असेल तर त्याने १४ दिवसांत मूळ कागदांनिशी खालील पत्त्यावर यावं, नाहीतर तो हक्क सोडून दिला असं समजलं जाईल. खाली वकिलाचं नाव.

ही नोटीस वाचतं कोण, हे कोडं मला लहानपणी पडायचं. आमच्या घरात ती वडील वाचत. गावाकडची सामाईक जमीन चुलत्यांनी विकायला काढली तर आपल्याला इथेच कळेल, असा त्यांचा हिशोब. तीसेक वर्षं त्यांनी ते पान नेमाने वाचलं. जमीन विकली गेली तेव्हा नोटीस रीतसर छापून आलेली होती. ज्या वर्तमानपत्रात आली ते आमच्याकडे येत नव्हतं, एवढंच.

यंदा या नोटिशीच्या पलीकडच्या बाजूला बसून पाहिलं. ती लिहिणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात, आणि त्याच जमिनीवर पिवळा की हिरवा रंग द्यायचा हे ठरवणाऱ्या नगररचनाकारांच्या सोबत. इमारत म्हटलं की आपल्याला बिल्डर दिसतो, फार तर आर्किटेक्ट दिसतो. पण पहिली कुदळ पडण्याआधी दोन माणसांचं काम झालेलं असतं, आणि त्या कामावर पुढची पन्नास वर्षं लोक झोपतात, जेवतात, कर्ज फेडतात.

पुण्यात शिवाजीनगर कोर्टापासून चालत जाता येईल अशा एका ऑफिसात एक मुलगी गेली तीन वर्षं ज्युनिअर आहे. लॉ कॉलेजात असताना तिला वाटत होतं, आपण उलटतपासण्या घेऊ. अजून एकही घेतलेली नाही. ती ‘सर्च’ काढते. दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक दोनच्या नोंदी वर्षावर्षाने चाळायच्या, सातबाऱ्याचे जुने उतारे मिळवायचे, फेरफार एकामागून एक वाचत जायचे. हे सगळं तीस वर्षं मागे. तीसच का, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. नंतर तिनेच शोधून काढलं. मुदतीच्या कायद्यात गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला आणि सरकारने आणायच्या दाव्याला ३० वर्षांची मुदत आहे. त्याच्या पलीकडचं भूत सहसा उठत नाही, असा धंद्यातला समज. ‘सहसा’ हा शब्द महत्त्वाचा. तो पुढे मुलुंडला नडला.

सातबारा वाचायची तिच्या सिनिअरची पद्धत उलटी आहे. आपण डावीकडे मालकाचं नाव बघतो. ते आधी ‘इतर हक्क’ बघतात. तिथे कुळाचं नाव आहे का, सोसायटीचा बोजा आहे का, ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा आहे का. मग भोगवटादार वर्ग एक की दोन. वर्ग दोन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हलता येत नाही, आणि तो दोन कशामुळे झाला ते शोधायला फेरफारांच्या तळाशी जावं लागतं. पुष्कळदा तळाशी वतन निघतं. कनिष्ठ गावकामगार वतनं नष्ट करणारा कायदा १९५८ चा. जमीन वतनदारांना परत मिळाली, पण नव्या शर्तीने. गावगाड्यात ज्यांना आधीच काही नव्हतं त्यांच्या हातची ती जमीन. शहर वाढत तिच्या वेशीशी आलं, तेव्हा कुलमुखत्यारपत्रं घेऊन कोण कोण पोहोचलं हे फेरफारांच्या तारखांवरूनच वाचता येतं. साठेखत झालेलं असतं, पैसे दिल्याच्या पावत्या असतात, आणि परवानगी नसते. सिनिअर अशी फाइल मिटवून परत देतात.

पण त्या ऑफिसात सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट आहे ‘ए.कु.मॅ.’. एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ही तीन अक्षरं दिसली, की ज्युनिअरने वही काढायची आणि वंशावळ मांडायची. थोरल्याला किती भाऊ, प्रत्येकाला किती मुलगे, आणि मुली. मुलींची नावं सांगायला माणसं अजूनही आढेवेढे घेतात. ‘त्या दिल्या की घरी’ असं उत्तर येतं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळून. देशभराचा बदल ९ सप्टेंबर २००५ पासून आला आणि त्यात लग्नाची अट राहिली नाही. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाद मिटवला: मुलीचा हक्क जन्माने आहे, त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते याच्याशी संबंध नाही. २० डिसेंबर २००४ आधी रीतसर झालेले व्यवहार मात्र अबाधित.

ही सगळी कलमं त्या ऑफिसात एका प्रश्नात उरतात: आत्याची सही कुठे आहे? तलाठ्यासमोर दिलेला ‘माझा काही हक्क नाही’ हा जबाब पुरत नाही. नोंदलेलं हक्कसोडपत्र लागतं. मी बसलो होतो त्या आठवड्यात साठीच्या तीन बहिणी एका भावासोबत आल्या होत्या. दोघींनी कागद न वाचता सही करायची तयारी दाखवली. तिसरीने विचारलं, फ्लॅट किती मजल्यांचे होणार आहेत. भावाचा चेहरा पडला. ज्युनिअरने नंतर मला सांगितलं की, तिच्या तीन वर्षांतला तो सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि उत्तर द्यायची तिला परवानगी नव्हती. कारण त्या बाई तिच्या अशील नव्हत्या.

इथे या धंद्याचं मर्म आहे. सर्च रिपोर्टची फी बिल्डर देतो. रिपोर्टावर विसंबतं घर घेणारं कुटुंब, आणि त्याला कर्ज देणारी बँक. १ मे २०१७ पासून महारेरा आलं आणि हा रिपोर्ट ठरावीक नमुन्यात संकेतस्थळावर चढवणं बंधनकारक झालं. फुकट वाचता येतो. हे चांगलंच झालं. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मालकीहक्कात खोट निघाली आणि ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई बिल्डरने द्यायची, त्या मागणीला मुदतीची अडचणही नाही. पण ज्याच्या सहीने ती जमीन ‘निर्वेध, बोजारहित’ ठरली त्याचं काय? २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हैदराबादच्या एका बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाचं प्रकरण आलं होतं. न्यायालयाने म्हटलं, निव्वळ चुकीचं मत दिलं म्हणून वकिलावर फौजदारी लावता येणार नाही. कटात सामील असल्याचा पुरावा हवा. आणि मे २०२४ मध्ये निकाल आला की, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. दोन्ही निकालांमागे कारणं आहेत. भीतीपोटी कोणी मतच दिलं नाही तर वकिली चालायची कशी? तरी घर घेणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हाती काय उरतं? दिवाणी दावा, तोही अशा माणसावर, ज्याच्याशी त्याचा करारच नव्हता.

म्हणून या ऑफिसांत एक भाषा तयार झाली आहे. रिपोर्टाचं पहिलं पान नि शेवटचं पान सगळे वाचतात. खरं मत मधे असतं, ‘च्या अधीन राहून’ या शब्दांच्या आसपास. ‘अमुक दिवाणी दाव्याच्या निकालाच्या अधीन राहून’, ‘आम्हांस दाखविलेल्या छायाप्रतींवर विसंबून’. सिनिअर म्हणाले, आम्ही खोटं कधी लिहीत नाही, खरं फक्त लहान अक्षरात लिहितो. हसले, पण फार नाही. त्यांच्या कपाटात एक खण आहे, नकार दिलेल्या फायलींचा. त्यातल्या काही जमिनींवर आज टॉवर उभे आहेत. दुसऱ्या कोणीतरी सही दिली. नकाराची फी कोणी देत नाही, आणि या धंद्यात मोल खरं तर नकाराचंच आहे.

आता मुलुंड. १९५६-५७ च्या सुमारास वन कायद्याच्या कलम ३५(३) खाली काही जमीनमालकांच्या नावे नोटिसा निघाल्या होत्या. पुढे काही झालं नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्राने खाजगी वनं संपादन करणारा कायदा केला आणि अशी नोटीस निघालेली जमीनही ‘खाजगी वन’ या व्याख्येत आली. तरी त्या जमिनींवर महापालिकेने नकाशे पास केले, लोकांनी घरं घेतली. सर्चमध्ये काही निघालंच नाही, कारण नोटीस महसुली दप्तरात चढलेलीच नव्हती. तीस वर्षांच्या पलीकडचं भूत २००० नंतर उठलं. मुलुंड, ठाणे भागांत उताऱ्यांवर वनाची नोंद झाली आणि हजारो कुटुंबांची घरं विकता येईनात. २००८ मध्ये उच्च न्यायालयात मालक हरले. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइसच्या प्रकरणात तो निकाल फिरवला. नुसती नोटीस निघून भागत नाही, ती बजावलेली हवी, तिच्यावर कार्यवाही झालेली हवी, असा त्याचा सारांश. जुन्या वकिलांना विचारा, २०१४ नंतर ते सर्च काढताना वनखात्याकडे वेगळं पत्र लिहू लागले की नाही.

वकील कागद उलटे वाचत मागे जातो. ज्या सर्व्हे नंबरात तो अडकलेला असतो, त्याच्यावर नगररचना विभागातला माणूस पुढची वीस वर्षं मांडत असतो. आपल्याकडे हे काम जुनं आहे. देशातला पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्याचा, १९१५ चा. त्याच सुमारास नगररचनाकार पॅट्रिक गेडिस इथल्या गावागावांतून फिरत होते, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग त्यांच्या हाती सुरू झाला. शहर पाडून नवं करण्यापेक्षा आहे त्यात जपून छेद द्यावा, असं ते सांगत. ऐकलं किती, ते बाहेर बघा.

आजचा कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. बोलण्यात सगळे ‘एमआरटीपी’ म्हणतात. या खात्यात माणूस येतो लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून, सहायक नगररचनाकार म्हणून. कोणी सिव्हिल इंजिनिअर, कोणी आर्किटेक्ट, कोणी प्लॅनिंगची पदवी घेतलेला. पगार चांगला, बदल्या लांबच्या. माणसं थोडी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात देशाचा हिशोब आहे: राज्यांच्या नगररचना खात्यांत मंजूर पदं ३,९४५, त्यातली ४२ टक्के रिकामी, गरज १२ हजारांहून अधिकांची, आणि ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना आराखडाच नाही. मुलं प्लॅनिंग शिकून बाहेर पडतात, आणि पुष्कळजण सल्लागार कंपन्यांत जीआयएसवर नकाशे रंगवतात किंवा बिल्डरांच्या ऑफिसात ‘लायझनिंग’ करतात. लायझनिंग म्हणजे फाइल कोणत्या टेबलावर अडली आहे ते कळणं. ते कॉलेजात शिकवत नाहीत.

एक निवृत्त नगररचनाकार भेटले. त्यांनी पस्तीस वर्षांत राज्याच्या चार टोकांना नोकरी केली. आराखड्याचं काम सुरू होतं ते पायी: विद्यमान जमीन वापराची पाहणी. कुठे घर, कुठे गिरणी, कुठे गोठा, सगळं नकाशावर रंगवायचं. निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा. मग लोकसंख्येचा अंदाज आणि त्या हिशोबाने शाळा, बागा, दवाखाने, स्मशानं. ही आरक्षणं टाकायची कुठे? आधी सरकारी जमीन बघतात, ती पुरत नाही. मग उरते मोकळी खाजगी जमीन. यातला अन्याय ते स्वतःहून बोलले: ज्याने परवानगीविना चार मजले चढवले त्याला नकाशात ‘विद्यमान इमारत’ म्हणून सोडून द्यावं लागतं, आणि ज्याने कायदा पाळून जमीन मोकळी ठेवली त्याच्यावर बाग पडते. माझ्या मते आपली शहरं अशी का झाली याचं निम्मं उत्तर या एका वाक्यात आहे.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांना हरकतीसाठी तीस दिवस. मग सात जणांच्या समितीपुढे सुनावणी. तीन स्थायी समितीचे, चार तज्ज्ञ सरकारने नेमलेले. मग आराखडा मंत्रालयात. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा. त्याच्या सुधारणेचं काम २००७ मध्ये सुरू झालं. समिती, हरकती, भांडणं, आरक्षणं उठणं, परत पडणं. अखेर २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. मुंबईत २०१५ चा प्रारूप आराखडा तर इतक्या चुकांनिशी आला की, सरकारला तो रद्द करून नव्याने करायला सांगावं लागलं. मंजुरी आली २०१८ मध्ये. या सगळ्या प्रवासात ज्याने गल्लीगल्ली पायी मोजली त्याच्या हातात शेवटी काय राहतं? अंतिम अधिसूचना राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने निघते, सही मंत्रालयातल्या अधिकाऱ्याची. मंजुरीनंतरही कलम ३७ आहेच. त्याखाली ‘किरकोळ फेरबदल’ करता येतो. एका बागेची निवासी जागा होणं हे किरकोळ आहे की नाही यावर निवृत्त साहेबांनी मत द्यायला नकार दिला. चहा मागवला.

नगररचनाकाराचा अशील कोण, हे वकिलापेक्षाही अवघड आहे. पगार सरकारचा. आदेश कधी महापालिकेचा, कधी मंत्रालयाचा. ज्या मुलांसाठी त्याने शाळेचं आरक्षण टाकलं ती अजून जन्मलेलीही नसतात. त्यांच्या वतीने हरकत घ्यायला कोणी येत नाही. मालक येतो, वकील घेऊन. पुण्याच्या समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, सुमारे ९७८ हेक्टर. टेकड्या वाचाव्यात म्हणून शहर भांडलं, आणि बरोबर भांडलं. मात्र त्या टेकडीच्या सातबाऱ्यावर ज्यांची नावं आहेत त्यांना मोबदला काय नि कधी, हे गणित रेंगाळत राहिलं. टेकडी राहिली हिरवी नकाशावर. पायथ्याने मात्र पत्र्याच्या शेड चढत गेल्या.

मग कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन केली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. २४ महिन्यांत सरकार किंवा महापालिका हलली नाही, तर आरक्षण व्यपगत. ही मुदत आधी सहा महिने होती, वाढत वाढत दोन वर्षांवर गेली. शहरातला जमिनीचा वकील आराखडा मंजूर झाल्याची तारीख डायरीत लिहून ठेवतो आणि तिच्यात दहा मिळवतो. पुण्यासाठी ती बेरीज जानेवारी २०२७ येते. नगररचनाकाराने टाकलेली किती मैदानं त्या दिवसापासून एकेका रजिस्टर्ड पत्राने पुसली जातील, याचा अंदाज दोन्ही ऑफिसांत आहे. पैशाची तरतूद करणाऱ्या ऑफिसात आहे का, तेवढं मी विचारू शकलो नाही.

जमीन जाणाऱ्याच्या बाजूने उभे राहिलेले वकील आपल्याकडे झाले नाहीत असं नाही. नवी मुंबई ही नगररचनेच्या पुस्तकात मानाने सांगितली जाणारी गोष्ट: चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेली कल्पना, १९७० मध्ये सिडको. नकाशा देखणा होता. त्यात जी गावं होती त्यांचं म्हणणं मांडलं पनवेलच्या एका वकिलाने, दि. बा. पाटलांनी. जानेवारी १९८४ मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला, पाच माणसं गेली. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, ती त्या रक्तातून. देशात इतरत्र आज तिचा दाखला दिला जातो.

आणि मगरपट्टा. हडपसरजवळच्या सुमारे ४०० एकरांवर सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी जमीन विकली नाही. एकत्र केली, कंपनी काढली, तिचे भागधारक झाले. तिथे वास्तुरचनाकार नेमला तो त्यांनी, कागद करून घेतले ते त्यांनी. सगळ्या गावांना ते जमणार नाही. सगळ्यांकडे सलग जमीन नसते, भाऊबंदकी मिटवणारा कोणी नसतो. पण तिथे वकिलाला आणि नियोजनकाराला विचारलं असतं, अशील कोण, तर उत्तराला वेळ लागला नसता. ज्याची जमीन तो.

शेवटी घरचंच सांगतो. आमची इमारत १९९० च्या दशकातली. मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा १९६३ चा; त्याप्रमाणे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायला हवी होती. केली नाही. आमच्या सर्च रिपोर्टावर ‘निर्वेध’ असं लिहिलेलं आहे, खाली सही आहे, आणि मालमत्ता पत्रकावर आजही मूळ मालकाच्या वारसांची नावं आहेत. २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली. उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. त्यासाठी सोसायटीने गेल्या वर्षी प्रथमच स्वतःचा वकील नेमला. तीस वर्षांत या जमिनीच्या संदर्भात आमच्या बाजूने कागद वाचणारा हा पहिला माणूस. फी ठरली, चोवीस सभासदांत समान वर्गणी पडली, नोटीस बोर्डावर यादी लागली. दसऱ्यापर्यंत अकरा जणांनी पैसे भरले नव्हते.